आयर्लंड पुन्हा का भरलं नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. १८४५ साली बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला. त्याआधी तिथं जितकी माणसं होती तितकी आजही नाहीत, हे खरं का? आणि आपल्याकडे त्याहून मोठे दुष्काळ पडले तरी लोकसंख्या वाढतच गेली, मग तिथं काय निराळं घडलं?

खरं आहे. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंड बेटावर ८१,७५,१२४ माणसं मोजली गेली. १८५१ मध्ये ६५,५२,३८५ भरली, म्हणजे दहा वर्षांत पाचवा हिस्सा गेला. इथपर्यंत कुणालाही समजेल. पण त्याच्या पुढचे आकडे बघा: १८६१ मध्ये ५८ लाख, १८८१ मध्ये ५१ लाख ७० हजार, १९०१ मध्ये ४४ लाख ६० हजार, १९११ मध्ये ४३ लाख ९० हजार. दुष्काळ संपून साठ वर्षं झाली तरी प्रत्येक जनगणनेत आकडा आधीपेक्षा कमीच. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात सगळीकडे माणसं वाढत होती, हा एकच देश उतरत होता. २०२१-२२ च्या जनगणनांत बेटाच्या दोन्ही भागांची बेरीज साडेसत्तर लाखांच्या आसपास येते. १८४१ चा आकडा अजून गाठायचाच आहे.

इथं एक सावधगिरी. १९२१-२२ नंतर बेटावर दोन राज्यव्यवस्था झाल्या: दक्षिणेत आजचं प्रजासत्ताक, आणि ब्रिटनबरोबरच राहिलेलं उत्तर आयर्लंड. त्यामुळे ‘आयर्लंडची लोकसंख्या’ म्हणून इंटरनेटवर फिरणारे अनेक आकडे संपूर्ण बेटाच्या जुन्या आकड्याशी फक्त प्रजासत्ताकाचा नवा आकडा ताडून पाहतात आणि घट आहे त्याहून भीषण दाखवतात. सीमा जुळवून मोजायचं तर आजच्या प्रजासत्ताकाच्या २६ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, १८४१ साली ६५ लाख माणसं होती, १९६१ मध्ये २८ लाख १८ हजार उरली, हा तळ. २०२२ मध्ये ती ५१ लाख ४९ हजार झाली. उत्तरेकडच्या सहा काउंट्यांत १८४१ मध्ये साडेसोळा लाख होती, २०२१ मध्ये १९ लाख. म्हणजे उत्तर भागानं जुना आकडा ओलांडलाय, दक्षिणेनं नाही. या फरकाकडे पुढं येतो, कारण अर्धं उत्तर त्यातच आहे.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. दुष्काळात माणसं मरतात म्हणून लोकसंख्या दीर्घकाळ कमी राहते, असं आपण गृहीत धरतो. जनगणनेचे तक्ते हे गृहीतक फारसं टिकू देत नाहीत. मोठ्यात मोठा दुष्काळसुद्धा लोकसंख्येच्या आलेखावर बहुधा एक खाच पाडून जातो आणि एखाद्या पिढीत ती बुजते. साधा हिशेब करा: शंभरातली बारा माणसं गेली आणि उरलेली वर्षाला एक टक्क्यानं वाढली, तर तेरा वर्षांत भरपाई होते. वाढ अर्धा टक्काच असेल तर पंचवीस वर्षं लागतात. फिनलंडमध्ये १८६६ ते १८६८ असा दुष्काळ पडला. एकट्या १८६८ या वर्षात तिथली आठ टक्क्यांच्या आसपास माणसं दगावली. पुढच्या पाच-सहा वर्षांत तो देश पुन्हा आधीच्या आकड्यावर होता.

फिनलंड लांब वाटत असेल तर सोलापूर घ्या. १८७२ च्या गणतीत सोलापूर जिल्ह्यात सुमारे ७ लाख २० हजार माणसं होती. मग १८७६-७८ चा दुष्काळ आला. १८८१ मध्ये ५ लाख ८० हजारांच्या आसपास उरली. घट एकोणीस टक्के, म्हणजे आयर्लंडच्या १८४१-५१ च्या घटीएवढीच. पण १८९१ मध्ये सोलापूरचा आकडा साडेसात लाख होता, १८७२ पेक्षाही जास्त. शेजारच्या विजापूर जिल्ह्याची, तेव्हाच्या कलादगीची, गोष्ट जवळपास तशीच: आठ लाखांवरून साडेसहा लाखांच्या आत, आणि १८९१ ला पुन्हा आठ लाखांच्या दाराशी. म्हणजे घाव सारखाच होता. सोलापूर दहा वर्षांत सावरलं, आयर्लंडला दीडशे वर्षं पुरली नाहीत.

असं का होतं हे समजायला दुष्काळात कोण मरतं ते पाहावं लागतं. मरणाऱ्यांत लहान मुलं आणि म्हातारी माणसं प्रमाणाबाहेर असतात. भुकेनं थेट मरणारे थोडे. बहुतेकांना उपासानं खचलेल्या शरीरात शिरलेले रोग नेतात. आपल्याकडच्या अनेक दुष्काळांत मृत्यूंचा कळस पाऊस परत आल्यावर दिसतो, कारण तेव्हा हिवतापाची साथ येते आणि अंगात त्राण नसतं. तरण्या बायका त्यातल्या त्यात जास्त तगतात, हे जवळपास सगळ्या नोंदींत दिसतं. दुसरीकडे जन्मही कमी होतात: लग्नं लांबतात, नवरा कामाच्या शोधात बाहेर असतो, पाळी बंद होते. पण हे जन्म बुडालेले नसतात, बरेचसे पुढं ढकललेले असतात. सुगी आली की अडकलेली लग्नं उरकतात, घर सोडून गेलेले परततात, आणि दोन-तीन वर्षांत जन्मदर नेहमीपेक्षाही वर जातो. मूल होण्याच्या वयातली माणसं शिल्लक असतात म्हणून हे जमतं.

परदेशी जाणारा माणूस मात्र नेमका त्याच वयाचा असतो. दुष्काळ उभं पीक खातो, पण बियाणं बरंचसं मागं ठेवतो. आयर्लंडमधून पुढची शंभर वर्षं बियाणंच बाहेर गेलं.

मूळ दुष्काळाबद्दल थोडं सांगायला हवं. दुष्काळाआधी आयर्लंडमधला जवळपास तिसरा हिस्सा माणूस बटाट्यावर जगत होता, आणि जगत होता म्हणजे दुसरं काही खातच नव्हता. प्रौढ मजुराच्या पोटात रोजचे पाच-सहा किलो बटाटे जात. सोबत ताक. हा आहार पौष्टिक होता, आणि एवढं अन्न पाऊण-एक एकरात निघत असल्यामुळे बापानं आपल्या तुकड्याचा तुकडा मुलाला दिला की मुलाचं लग्न होऊ शकत होतं. गहू, ओट, डुकरं, लोणी हे सगळं खंड भरायला बाजारात जायचं. १८४५ मध्ये करपा आला. तुमच्या ओळखीत मंचरचा बटाटेवाला किंवा नारायणगावचा टोमॅटोवाला शेतकरी असेल तर त्याला विचारा. ढगाळ, दमट हवेत ज्याच्या धास्तीनं तो फवारणीचा पंप उचलतो तोच हा रोग. पहिल्या वर्षी तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्त पीक गेलं. १८४६ मध्ये जवळजवळ सगळं गेलं. १८४७ मध्ये रोग कमी होता, पण लावायला बियाणंच नव्हतं. १८४८ मध्ये तो पुन्हा आला.

आयर्लंडवर तेव्हा लंडनचं राज्य होतं. त्या सरकारनं काय केलं यावर ग्रंथालयं भरतील एवढं लिहिलं गेलंय. लोकसंख्येच्या दृष्टीनं महत्त्वाचं तेवढं सांगतो. १८४७ च्या वसंतात सात लाखांहून जास्त माणसं रस्त्यांच्या कामांवर होती. मजुरी महागाईला पुरत नव्हती. ती कामं बंद करून त्याच उन्हाळ्यात अन्नछत्रं काढली, तिथं रोज तीस लाख माणसं जेवत होती. हा उपाय लागू पडत होता. तो शरद ऋतूत बंद केला आणि गरिबांचा भार स्थानिक करांवर टाकला. त्याच वर्षीच्या कायद्यात एक अट घातली गेली: पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत मिळणार नाही. पोट भरायचं तर जमीन सोड. जमीनदारांना छोटी कुळं नकोच होती, कारण चार पौंडांपेक्षा कमी खंडाच्या कुळाचा कर त्यांनाच भरावा लागत होता. पोलिसांच्या नोंदींप्रमाणे १८४९ ते १८५४ या काळात सुमारे अडीच लाख माणसं कायमची घराबाहेर काढली गेली.

माझ्या मते इतिहासाची दिशा या एका अटीनं जितकी बदलली तितकी करप्यानंही बदलली नाही. कारण दुष्काळानंतर परतायला जमीनच उरली नाही. जोत म्हणजे एका कुळाकडे कसायला असलेली जमीन; १८४१ मध्ये एक ते पाच एकरांच्या जोती एकूण जोतींच्या ४५ टक्के होत्या. १८५१ मध्ये त्या १५ टक्क्यांवर आल्या. सोलापूरचा कुणबी दुष्काळात निजामाच्या मुलखात किंवा मुंबईला गेला तरी पाऊस पडल्यावर त्याच्या गावाला तो परत हवा होता, सावकाराला आणि सारा वसूल करणाऱ्या सरकारलाही हवा होता. आयरिश जमीनदाराला कूळ परत नको होतं. त्याला त्या रानात गुरं हवी होती, इंग्लंडच्या बाजारात गोमांसाला भाव होता, आणि गुरांमागे माणसं थोडी लागतात.

मेले किती? दहा लाखांच्या आसपास, हा आज सर्वसाधारण मान्य आकडा. तो मोजलेला नाही, काढलेला आहे. तेव्हा जन्ममृत्यूची नोंदणी नव्हती. ती १८६४ मध्ये सुरू झाली. १८५१ च्या जनगणनेत घरोघरी विचारलं गेलं की गेल्या दहा वर्षांत तुमच्या घरात कोण कोण वारलं. त्या मृत्यूंचे तक्ते विल्यम वाइल्ड या डॉक्टरानं तयार केले, म्हणजे लेखक ऑस्कर वाइल्डचे वडील. कष्टाचं आणि बारकाईचं काम आहे. पण ज्या घरातलं कुणीच उरलं नाही, किंवा जे घर आख्खं बोटीवर चढलं, त्या घरातलं कोण सांगणार? म्हणून हे तक्ते जिथं मृत्यू सर्वांत जास्त तिथंच सर्वांत कमी भरवशाचे आहेत. अभ्यासक मग उलट्या बाजूनं येतात: १८४१ ची माणसं, नेहमीचे जन्म, नेहमीचे मृत्यू, बाहेर गेलेले, त्यातून १८५१ ची माणसं वजा केली की जी तूट उरते ती दुष्काळाची.

ओघात आलंय म्हणून: आयरिश म्हाताऱ्यांची वयं हा आमच्या, म्हणजे लोकसंख्या अभ्यासणाऱ्यांच्या, धंद्यातला जुना विनोद आहे. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तरी ओलांडलेल्यांना पेन्शन सुरू झालं आणि १९११ च्या जनगणनेत एकाएकी सत्तरीपार माणसांचं पीक आलं. जन्मदाखले नव्हतेच. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री मोठं वादळ झालं होतं. ते आठवतं असं सांगितलं की वय मान्य. काहींनी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेच्या कागदांतून नाव शोधून काढून पुरावा दिला. ते बहुतेक कागद १९२२ मध्ये डब्लिनच्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत जळाले. आपल्याकडेही ‘प्लेगच्या साली मी रांगत होते’ असं सांगणाऱ्या आज्या होत्या, त्यामुळे मला त्यात नवल वाटत नाही; वयोगटांचे तक्ते वाचताना ते ध्यानात मात्र ठेवावं लागतं.

आता बाहेर गेलेल्यांकडे वळू. आयरिश लोक दुष्काळामुळे परदेशी जाऊ लागले, हे अर्धसत्य आहे. १८१५ पासूनच दहा लाखांहून जास्त लोक गेले होते, आणि १८३१-४१ या दशकात लोकसंख्यावाढ आधीच्या दशकापेक्षा बरीच मंदावली होती. दुष्काळानं त्या वाटेचा हमरस्ता केला. १८४५ ते १८५५ या काळात वीस लाखांवर माणसं गेली. १८४७ चं साल सगळ्यांत भयाण. त्या एका वर्षी लिव्हरपूल बंदरात तीन लाखांच्या आसपास आयरिश उतरले. कॅनडातल्या ग्रोस-ईल या क्वारंटीनच्या बेटावर टायफस या तापानं मेलेले पाच हजारांवर प्रवासी पुरले गेले.

एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. मरणारे आणि जाणारे एकाच थरातले नव्हते. तिकिटाला पैसे लागतात. मेयोसारख्या पश्चिमेकडच्या काउंट्यांत भूमिहीन मजूर जागेवर मेले. गाठीला गाय किंवा थोडे पौंड असलेला कूळ गेला. अगदी गरिबाला जाता आलं ते नंतर, अमेरिकेतून भावाबहिणींचे पैसे यायला लागले तेव्हा. आलेला पैसा आई-वडिलांच्या खंडाला लागायचाच, पण त्यातला मोठा हिस्सा पुढच्या भावंडाच्या तिकिटासाठी असायचा. कित्येकदा तिकीटच काढून पाठवलेलं असायचं. मोठी बहीण बॉस्टनला घरकाम करायची, धाकटीला बोलवायची, धाकटी भावाला. ही साखळी एकदा जुळली की तिला दुष्काळाची गरज राहत नाही. आकडेही हेच सांगतात: बाहेर जाण्याचा कळस १८५१-५२ च्या सुमारास येतो, म्हणजे उपासमार ओसरत असताना. १८७९ मध्ये पश्चिमेत पीक पुन्हा बुडालं. या वेळी माणसं फारशी मेली नाहीत, मदत पोचली. पण १८८३ या एका वर्षात लाखाहून अधिक लोक देश सोडून गेले. तोवर पश्चिमेत लवकर लग्नं आणि जमिनीचे तुकडे ही जुनी रीत टिकून होती. त्या धक्क्यानंतर तीही मोडली. १८९० च्या सुमारास जगातल्या दर पाच आयरिश-जन्माच्या माणसांपैकी दोन आयर्लंडबाहेर राहत होते.

आणि या सगळ्या काळात आयर्लंडमध्ये जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच होते! नोंदणी सुरू झाल्यापासूनचे आकडे पाहा: हजारी जन्मदर पंचविशीच्या आगेमागे, मृत्युदर सतरा-अठरा. नैसर्गिक वाढ दरवर्षी होत होती आणि बोटींवर त्याहून जास्त माणसं चढत होती. लोकसंख्येचं समीकरण चारच पदांचं असतं: जन्म, मृत्यू, आलेले, गेलेले. आयर्लंडमध्ये शंभर वर्षं चौथं पद पहिल्या तिघांवर भारी पडलं.

तरीही, नुसतं जाणं पुरेसं नव्हतं. मागं राहिलेल्यांची लग्नं बदलली, हा या कहाणीतला मला सर्वांत रंजक वाटणारा भाग. दुष्काळानं शेतकऱ्याच्या मनात एक भीती कायमची घातली: तुकडा पाडायचा नाही. जमीन एकाच मुलाला. तीही बाप हातातून सोडेल तेव्हा, आणि बाप सत्तरीपर्यंत सोडत नसे. तोवर हा मुलगा चाळिशीला टेकला तरी ‘पोरगा’च. त्याचं लग्न ठरायचं ते हुंडा घेऊन. आलेला हुंडा बहुतेक वेळा त्याच्याच एका बहिणीला उजवण्यात जायचा. आपल्याला हे व्यवहार समजावून सांगायची गरज नाही. उरलेल्या भावंडांना दोनच वाटा: बोट, नाहीतर भावाच्या घरात बिनलग्नाचं आयुष्य. १९११ मध्ये पन्नाशीच्या आसपासच्या बायकांपैकी चौथा हिस्सा अविवाहित होता, पुरुषांत त्याहून थोडा जास्त. १९२० च्या दशकाच्या मध्यात दक्षिणेत लग्नाचं सरासरी वय पुरुषांचं ३५ च्या आसपास आणि बायकांचं २९ होतं. पण ज्यांची लग्नं होत त्यांना मुलं भरपूर. १९११ च्या जनगणनेत लग्नाला वीसेक वर्षं झालेल्या जोडप्यांना सरासरी सहाच्या आसपास मुलं झालेली दिसतात. म्हणजे समाज मुलं कमी करून नव्हे, लग्नं कमी करून आपली संख्या धरून होता. आणि या मोठ्या कुटुंबांतली चौथी, पाचवी, सहावी मुलं जणू निर्यातीसाठीच वाढवली जात. मुलगी अमेरिकेला निघायच्या आदल्या रात्री घरात शेजारीपाजारी जमून रात्र जागवत, जशी मयताजवळ जागवतात तशी. तिला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. माहीत होतं की ही परत दिसायची नाही.

मुलगी म्हटलं ते मुद्दाम. इटलीतून, ग्रीसमधून जाणारे बहुतेक पुरुष होते आणि त्यांतले बरेच पैसा गाठीला बांधून परत आले. आयर्लंडमधून जाणाऱ्यांत निम्म्या बायका होत्या, बिनलग्नाच्या, एकट्या, वीस-बावीस वर्षांच्या. परतणारे फारच कमी. एखाद्या गावातून शंभर पुरुष गेले तर ते गाव तात्पुरतं अडचणीत येतं. शंभर तरुण मुली गेल्या तर त्यांची तीन-चारशे मुलं दुसऱ्या देशाच्या जनगणनेत मोजली जातात. आज अमेरिकेत आपलं मूळ आयरिश सांगणारे तीन कोटींहून अधिक आहेत.

इथं कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांवर. दुष्काळ नाही, साथ नाही. जन्म मृत्यूंपेक्षा कमी झाल्यामुळेही नव्हे, कारण मुंबई. पण रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, आणि हाच आयर्लंडशी असलेला मोठा फरक. चाकरमानी एकटा गेला, कित्येक पिढ्या घर, बायको, वाडी मागं ठेवून. मनीऑर्डर पाठवत राहिला आणि गणपती-शिमग्याला येत राहिला. म्हणून दीडशे वर्षं माणसं देऊनही कोकणाची लोकसंख्या विसाव्या शतकात वाढली. ती उतरायला लागली ती अलीकडे, आख्खी कुटुंबं विरार-डोंबिवलीला स्थायिक होऊ लागल्यावर. कोकणातल्या शाळा पटसंख्येअभावी बंद पडतात तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लिट्रिम काउंटी येते: १८४१ मध्ये १ लाख ५५ हजार, १९९६ मध्ये २५ हजार.

भारतातून समुद्रापार किती गेले, हेही पाहा. १८३४ पासून गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, म्हणून मॉरिशस, त्रिनिदाद, फिजी, नाताळकडे गेलेले सगळे मिळून तेरा लाखांच्या आसपास. मॉरिशसमधली मराठी वस्तीही त्यातलीच. पंचवीस-तीस कोटींच्या देशात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास आलं. ब्रह्मदेश, सिलोन, मलायाकडे जाणारे कित्येक पटींनी जास्त होते, पण त्यांतले बहुतेक परतले. त्यामुळे आपल्या दुष्काळांच्या खाचा लग्नांनी आणि जन्मांनी भरून काढल्या. याचा अर्थ आपले दुष्काळ सौम्य होते असा मुळीच नाही. १८७६-७८ मध्ये पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली आणि तिथं चाललेला विचार आयर्लंडमधलाच होता: फुकट खायला घातलं तर लोक आळशी होतील. १८४७ मध्ये लंडनच्या खजिन्यातून आयर्लंडची मदत आवळून धरणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन पुढं मद्रासचे गव्हर्नर आणि मग हिंदुस्थान सरकारचे अर्थसदस्य झाले. लोकसंख्या भरून आली हे दुष्काळ हाताळणाऱ्यांचं पुण्य नव्हे.

आता उत्तर आयर्लंडचा मुद्दा. करपा तिथंही आला, माणसं तिथंही मेली. १८४१ ते १९०१ या काळात दक्षिणेच्या २६ काउंट्यांनी निम्मी माणसं गमावली. उत्तरेच्या सहा काउंट्यांनी साधारण चौथा हिस्सा. फरक पडला तो बेलफास्टमुळे. तागाच्या नव्हे, जवसाच्या धाग्यापासून लिनन विणणाऱ्या गिरण्या आणि जहाजबांधणीच्या गोद्या यांनी त्या शहराला पाऊण लाखावरून साडेतीन लाखांवर नेलं. गावाकडून निघालेल्या मुलीला तिथं नोकरी होती, न्यूयॉर्क गाठायची गरज नव्हती. दक्षिणेत डब्लिन होतं, पण ते कारकून, दारूभट्ट्या आणि बंदराचं शहर. एवढ्या माणसांना पोटात घेण्याची ताकद त्यात नव्हती. म्हणून मी ‘दुष्काळ का पडला’ इतकंच ‘शेतातून उठलेल्याला देशातच दुसरी जागा होती का’ हेही विचारतो.

स्वातंत्र्यानं हे बदलेल अशी आशा होती. बदललं नाही. अमेरिकेनं १९२० च्या दशकात दारं आवळली आणि १९२९ नंतर तिथं कामच उरलं नाही, तेव्हा प्रवाह इंग्लंडकडे वळला: परिचारिका, बांधकाम मजूर. १९५० च्या दशकात, म्हणजे दुष्काळ संपून शंभर वर्षांनी, तीस लाखांच्या आतल्या देशातून निव्वळ चार लाख माणसं गेली. शेवटी वारं फिरलं ते धोरणांमुळे: १९५८ नंतर बाहेरच्या भांडवलाला दार उघडणं, १९६७ पासून मोफत माध्यमिक शिक्षण, १९७३ मध्ये युरोपीय समुदायात प्रवेश. तरी १९८० च्या दशकात पुन्हा गळती लागली, २००८ च्या मंदीनंतर पुन्हा. शंभर वर्षं मुरलेली सवय होती ती. अडचण आली की आयरिश पोरगा आधी विमानाचं तिकीट बघतो.

मधल्या काळात उलट प्रवाहही आला. २०२२ च्या जनगणनेत प्रजासत्ताकात राहणाऱ्या दर पाच माणसांपैकी एक देशाबाहेर जन्मलेला होता. परदेशी नागरिकांत पोलंड आणि ब्रिटनच्या खालोखाल भारतीय, ४५ हजारांवर. त्यात आयटीवाले आणि परिचारिका भरपूर. २०१७ मध्ये पंतप्रधान झालेले लिओ वराडकर हे मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरचे चिरंजीव, हे मराठी वाचकांना ठाऊक आहेच. ज्या सिंधुदुर्गाची माणसं कमी होतायत तिथल्या माणसाचा मुलगा, ज्या देशाची माणसं शंभराहून जास्त वर्षं कमी होत होती तिथं पंतप्रधान झाला.

१८४१ चा आकडा बेट कधी गाठेल, असं पुढं विचाराल तर वर्ष सांगणार नाही. एवढंच सांगतो की गाठलं तर ते जन्मांच्या जोरावर नसेल. तिथला जननदर आता दोनच्या बराच खाली आहे, तेव्हा पुढची वाढ येणाऱ्यांवर अवलंबून. आणि येणाऱ्यांना अडवणारी गोष्ट सध्या घरं आहेत. डब्लिनची भाडी परवडत नाहीत म्हणून कित्येक तरुण आई-वडिलांच्या घरी अडकलेत, काही सिडनी-मेलबर्नला निघालेत. त्यामुळे पुढची जनगणना आली की एकूण आकड्याआधी वीस ते चौतीस या वयोगटाचा रकाना बघा, आणि त्यात किती आयर्लंडमध्ये जन्मलेले, किती बाहेर जन्मलेले, हे वेगळं काढा.